बोल फुटण्याआधी: न बोलणाऱ्या लेकरासोबत घरी काय करायचं

अंगणात खाट टाकलेली, खाटेवर आजी आणि आजीच्या पायाशी सव्वादोन वर्षांचं पोरगं. "काहीच बोलत नाई जी ताई हा. मुका निंगते का काय, याचाच घोर लागून राह्यला," आजी म्हणाली. मी वहीत तारीख टाकली आणि गप्प बसले. पुढच्या अर्ध्या तासात त्या 'काहीच न बोलणाऱ्या' पोरानं पदर ओढून आजीला उठवलं. तिचा हात धरून माठावर नेऊन ठेवला. अर्धं पाणी पिऊन उरलेला ग्लास तिच्या तोंडाला लावला. कुत्रं आलं तेव्हा "अं, अं" करत आधी कुत्र्याकडे, मग आजीकडे पाहिलं. भाकरीचा तुकडा जिभेनं ढकलून मान फिरवली. मी पेन काढलं तर हात पुढे केला. अशा अकरा गोष्टी मी मोजल्या. वही वाचून दाखवली तर आजी म्हणाली, "हे तं मले समजतेच. याले काय बोलणं म्हंतेत?"

याला बोलणंच म्हणतात. शब्द नंतर येतात. मागणं, नाकारणं, दाखवणं, बोलावणं ही देवाणघेवाण आधी रुळते आणि तिच्यावर शब्द चढतात. मी फिरती विशेष शिक्षिका आहे, यवतमाळ-वर्धा भागातल्या गावांत जाते. नव्या आईबापांना आणि नुकत्या लागलेल्या अंगणवाडी ताईंना जे दर वेळी ओसरीवर बसून सांगते, ते इथं लिहिते आहे. यातलं काहीही करायला विकत काही आणावं लागत नाही.

पहिले तीन दिवस नुसतं पाहा

जुनी वही घ्या. लेकरू मागतं कसं, नको कसं म्हणतं, तुम्हाला बोलावतं कसं आणि दाखवतं का, एवढंच लिहा. "रडते" असं लिहून सोडू नका. भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं आईला वेगळं कळतं, मग वहीतही वेगळं लिहा. जो सांभाळतो त्यानंच लिहायचं असं नाही. आजीनं सांगावं, चौथीतल्या बहिणीनं लिहावं.

यातल्या 'दाखवतं का' या प्रश्नावर थोडं थांबते, कारण तो बहुतेकांच्या हातून सुटतो. फडताळावरच्या डब्याकडे हात करणं म्हणजे मागणं. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, लेकरानं बोट केलं आणि वळून तुमच्या तोंडाकडे पाहिलं, तर त्याला ट्रॅक्टर नको असतो. "माय, पाह्य!" एवढंच म्हणायचं असतं. एकच गोष्ट दोघांनी मिळून पाहणं हा बोलण्याचा पाया आहे आणि साधारण वर्षाच्या आसपास तो दिसायला लागतो. एखादं लेकरू मागतं भरपूर, पण दाखवत कधीच नाही. तसं असेल तर वहीत ठळक लिहून ठेवा. डॉक्टर नेमकं तेच विचारतील.

कान, सगळ्यात आधी कान

इथं माझीच चूक सांगते. कामाच्या पहिल्या वर्षी दीड वर्षाची एक मुलगी होती. ताट पडलं की दचकायची, म्हणून मी तिच्या आईला म्हटलं, "कान बरोबर आहेत, थोडं थांबा, बोलेल." ती तीन वर्षांची झाल्यावर तपासणी झाली. दोन्ही कानांनी तिला जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. ताटाची धमक जमिनीतून पायाला लागते, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या बाईनं मला कधी बोल लावला नाही, पण ते दीड वर्ष मी विसरलेले नाही. तेव्हापासून "थांबा, बोलेल" हे वाक्य मी टाकून दिलं.

घरी अंदाज घ्यायचा तर लेकरू खेळात रमलेलं असताना मागून जा. सावली पडू देऊ नका, पाय आपटू नका. कागद हळूच चुरगळा, "स्स्स" असा बारीक आवाज काढा, हलक्या आवाजात नाव घ्या. एकदा वळलं नाही तर घाबरू नका, वेगवेगळ्या वेळी पाच-सहा वेळा करून पाहा. पण यात पास झालं म्हणून तपासणी टळत नाही. एका कानानं ऐकणारी, फक्त जाड आवाज ऐकणारी लेकरं ही घरची परीक्षा सहज फसवतात.

खरी तपासणी यंत्रावर होते. ओएई तपासणीत कानात बारीक बोंडी ठेवून आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते पाहतात, ती काही मिनिटांत आटोपते. बेरा तपासणीत डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात. लेकराला "ऐकू आलं का?" असं विचारावं लागत नाही, म्हणून ती तान्ह्या बाळाचीही होते. जन्मल्यावर महिन्याभरात कानाची पहिली तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू, असा डॉक्टरांचा हिशेब असतो. आपल्याकडे उशीर झालेला असतोच, तो आणखी वाढवायचा नाही.

कान वाहत असेल तर आधी त्याचा इलाज. सर्दीनंतर वाहणारा कान 'आपोआप सुकतो' म्हणून सोडला की पडद्यामागे पाणी राहतं आणि लेकराला आपलं बोलणं पाण्याखालून ऐकल्यासारखं येतं. कानात कोमट तेल, लसणाचं तेल, दूध काहीही घालायचं नाही. आजीचा राग आला तरी चालेल.

जायचं कुठं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. विकासातला उशीर आणि ऐकू न येणं दोन्ही त्यांच्या यादीत आहे. पथकाची चिठ्ठी मिळाली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांचे दोष लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात. पण पथक मागच्या महिन्यात येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. आशा ताईला सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या. नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळ आणि अकोल्याचं मेडिकल कॉलेज इथं कान-नाक-घसा विभाग आहेत. निघण्याआधी फोन करून ऑडिओलॉजिस्ट (ऐकू येण्याची तपासणी करणारा) त्या दिवशी आहे का, हे विचाराच. एका दिवसाची मजुरी बुडवून गेल्यावर "सोमवारी या" ऐकणं फार जिवावर येतं.

कानाचा दोष निघाला तर श्रवणयंत्र लवकर लागलेलं बरं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीप योजनेत श्रवणयंत्र मिळतं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र) सुद्धा मिळतं, पण त्याला ५ वर्षांपर्यंतची वयाची अट आहे. या अटीमुळेही "थांबा" म्हणायची सोय नाही.

तोंडासमोर बसा आणि दहा मोजा

कानाच्या तपासणीच्या चकरा सुरू असतानाच घरचं काम सुरू करायचं, निकालाची वाट पाहायची नाही.

आपण उभ्यानं बोलतो आणि लेकरू आपले गुडघे ऐकतं. म्हणून खाली बसा, नाहीतर लेकराला खाटेवर बसवून स्वतः जमिनीवर बसा. त्याला तुमचे ओठ, डोळे, भुवया दिसल्या पाहिजेत.

मग थांबा. सांगायला हे सोपं आहे, करायला सगळ्यात कठीण. आपण विचारतो, "पाणी पाहिजे?" आणि उत्तराआधीच ग्लास पुढे करतो. लेकराला ऐकून, समजून, हात हलवायला मोठ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. तो वेळ आपण खाऊन टाकतो. काही म्हटल्यावर मनात एक ते दहा मोजा, तोंड बंद, भुवया वर, नजर लेकरावर. पहिल्या दिवशी दहा आकडे म्हणजे तास वाटेल. एका बापाला मी हे सांगितलं तर तो चारावरच बोलायचा. शेवटी त्यानं दातात काडी धरायला सुरुवात केली. काडी तोंडात असेतो गप्प. हसू नका, त्याला जमलं.

दहा मोजेपर्यंत जे येईल ते उत्तर. नजर, हुंकार, हात, पाय झटकणं, काहीही. आलं की लगेच द्या आणि शब्द लावा: "पाणी! घे पाणी." "आधी पाणी म्हण, मग देतो" हे मात्र कधीच नाही. तहानलेल्या लेकराला परीक्षेला बसवलं की ते मागणंच सोडतं, किंवा डोकं आपटायला लागतं.

झाकण घट्ट लावा

गावाकडची माणसं मायाळू, आणि मायेचा एक तोटा असा की लेकराला मागावंच लागत नाही. डोळे फिरले की दूध हजर, हात वर गेला की कडेवर. मग त्यानं बोलावं कशासाठी? मागायला थोडं कारण ठेवायचं, छळायचं नाही.

पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणीत मुरमुरे भरा, झाकण घट्ट लावा, बरणी लेकराच्या हातात द्या. ते उघडायला पाहील, आपटेल, चावेल आणि शेवटी तुमच्याकडे पाहील. ती नजर आली की, "उघडू? उघड!" म्हणत झाकण काढा आणि चारच दाणे द्या. पुन्हा झाकण. मूठभर दिलं तर खेळ तिथंच संपला. फुटाणे आणि शेंगदाणे मात्र चार वर्षांच्या आत नकोत, श्वासनलिकेत अडकतात.

झोळीचं तसंच. आमच्या भागात तिला झोयी म्हणतात. तीन झोके द्या, झोळी धरून थांबवा, तोंडाकडे पाहा. लेकरू अंग हलवेल, हुं करेल. "झुलू? झुलऽऽ!" आणि सोडा. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी माळ्यावर पडला असेल तर खाली काढा. दोरी ओढत चालवायचा, उंबऱ्यापाशी अडवायचा आणि वाट पाहायची. पदराआड तोंड लपवून "भॉक" करायचा खेळ तर प्रत्येक घरात आहेच. फक्त चौथ्या वेळी पदर काढूच नका. लेकरू स्वतः पदर ओढेल. तो त्याचा वाक्यातला वाटा.

निवड द्या. एका हातात केळ, एका हातात बिस्कीट. दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर, एकमेकांपासून हातभर लांब, म्हणजे नजर कुठं गेली ते कळतं. एक आवडीची आणि एक नावडीची वस्तू घेतलीत तर सुरुवातीला सोपं जातं.

दिवसातून चार-पाच वेळा पुरे. दर घासाला अडवलंत तर लेकरू चिडेल आणि सासूबाई तुमच्यावर चिडतील, दोघांचंही बरोबर असेल.

बोलायचं काय

"हे काय आहे? सांग, हे काय? गायीला काय म्हणतात?" पाहुणे आले की हा प्रश्नांचा मारा सुरू होतो. न बोलणाऱ्या लेकराला तो पोलिसांच्या चौकशीसारखा लागतो. पाच वाक्यं बोललात तर त्यात प्रश्न एखादाच असावा. बाकी, लेकरू जिकडे पाहतं आहे तिकडचं सांगा. बकरीकडे पाहतं आहे? "बकरी. बकरी पाला खाते. खाऽऽते." त्याची नजर हलली की तुमचाही विषय हलवा. ते चाकाशी खेळत असताना त्याला चित्रातलं सफरचंद दाखवत बसू नका.

लेकरापेक्षा एकच पायरी वर चढा. नुसता हात करतं, तर तुम्ही एक शब्द म्हणा. एक शब्द म्हणतं, तर दोन म्हणा. "मंमं" म्हणालं तर "मंमं नाही, भाकर म्हण" असं खोडू नका. "मंमं, भाकर. गरम भाकर." त्याचा शब्द ठेवून आपला जोडायचा. ते "बाबाबा" करतं तेव्हा तुम्हीही "बाबाबा" करा आणि थांबा, ते पुन्हा करेल. मोठ्या माणसाला लाज वाटते, पण दार लावून करा.

भाषा कुठली, हे मला नेहमी विचारतात. घरची, दुसरी कुठली? वऱ्हाडी असो, झाडी असो, मेळघाटात कोरकू असो, आमच्याकडे कोलामी किंवा बंजारा, गडचिरोलीकडे गोंडी आणि माडिया. आईला ज्या भाषेत रागावता येतं, लाड करता येतात, तीच. "शाळेत मराठी लागेल" म्हणून आईनं अडखळत पुस्तकी मराठी बोलायला लागणं हा शुद्ध तोटा. दोन भाषा कानावर पडल्यानं लेकरू मुकं राहत नाही. शाळेची भाषा ते शाळेत शिकेल.

हात आणि चित्रं

"खुणा शिकवल्या तर तो बोलणारच नाही" ही भीती प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. टाटा करायला शिकलेलं लेकरू पुढे "टाटा" म्हणतंच. खुणा आणि चित्रं बोलण्याला आधार देतात, अडवत नाहीत. दे, नको, अजून, झालं, ये अशा पाच खुणा घरात ठरवा आणि सगळ्यांनी त्याच वापरा. खूण करताना शब्द तोंडानं म्हणायचाच.

चित्रं म्हणजे घरच्याच वस्तूंचे फोटो. घरचा माठ, घरचा डबा, आजी, मोटारसायकल. मोबाईलनं काढून तालुक्याला छापून आणा, पुठ्ठ्यावर चिकटवून वर रुंद चिकटपट्टी मारा. बिस्किटाचं रिकामं वेष्टन कापून लावलं तरी चालतं. दोन चित्रांनी सुरुवात करा, आणि ती लेकराच्या हाताला येतील अशी लावा. आमच्या एका अंगणवाडीत ती इतकी उंच, शोभेला लावली होती की फक्त पर्यवेक्षिकेला दिसायची.

वेचणीच्या दिवसांत

दिवाळीनंतर कापूस वेचायला बाई सकाळीच वावरात जाते. वेचणी किलोच्या भावानं, म्हणजे अर्ध्या तासाची किंमत लगेच कळते. अशा बाईला "रोज तासभर लेकरासोबत खेळा" सांगणाऱ्याला मी फार मानत नाही. वेगळा वेळ काढायचाच नाही. आंघोळीत "पाणी, पाणी… ओतू?" म्हणून तांब्या डोक्यावर धरून थांबायचं. सदरा घालताना मान अडकली की "कुठं गेलं बाळ?" शेळी सोडताना दोर लेकराच्या हातात देऊन "चल" म्हणायच्या आधी थांबायचं. रोज त्याच क्रमानं, त्याच शब्दात. पंधरा दिवसांनी तुम्ही थांबलात की पुढचं ते करून दाखवेल.

दिवसभर लेकरू ज्यांच्याजवळ असतं ते खरे गुरुजी: आजी, आबाजी, मोठी बहीण. बहिणी फार लवकर शिकतात, फक्त भावाच्या वतीनं बोलायची सवय मोडावी लागते. "त्याले बिस्कीट पाहिजे" असं ती म्हणाली की तिला म्हणा, "त्यालाच विचार, आणि दहा मोज." आजीला मी वही न देता बरणीच देते. सव्वादोन वर्षांच्या त्या पोराची आजी आता झाकण इतकं घट्ट लावते की तिचं तिलाच निघत नाही.

मोबाईल, वेखंड आणि पोपटाचा पेरू

मोबाईलमधलं गाणं थांबून वाट पाहत नाही, म्हणून त्यातून देवाणघेवाण शिकता येत नाही. इंग्रजी आकडे घडाघडा म्हणणारं पण पाणी मागता न येणारं लेकरू मी बरंच पाहिलं. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला दोन वर्षांच्या आत पडदा नकोच असा आहे. गावाला गेलेल्या बापाशी व्हिडिओ कॉल चालेल, कारण बाप थांबतो आणि उत्तर देतो.

वेखंड उगाळून जिभेला लावणं, पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घालणं, हे उपाय मला प्रत्येक गावात सांगितले जातात. त्यानं बोल फुटत नाही. वेखंडासोबत मध मात्र एक वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला जिवावरचं दुखणं होऊ शकतं. जिभेखालची शीर कापल्यानं बोलेल असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, लेकरू खुणा करतं का, सांगितलेलं समजतं का. शिरेमुळे एखाद-दुसरा उच्चार अडू शकतो, पण सगळं बोलणं थांबत नाही. आणि "याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला" हे खरं असेलही. पण बापाचे कान तेव्हा कोणी तपासले होते?

यात वाट पाहायची नाही

वर्षाचं झालं तरी "बाबा, दादा" असे आवाज नाहीत, नावानं वळत नाही, बोट दाखवणं किंवा टाटा काहीच नाही. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही. दोन वर्षांत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत ("माय ये", "पाणी दे" असे). यातलं काहीही असेल तर त्याच महिन्यात दाखवा. आणि येत असलेले शब्द किंवा हसणं-पाहणं हरवलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता आणि बाल संरक्षण कार्डावरही वयाप्रमाणे टप्पे छापलेले असतात, ते पान उघडून पाहा. बहुतेक घरांत फक्त लसीचं पान उघडलेलं असतं.

पुढे निदान झालंच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. श्रवणदोष, वाचा आणि भाषा दोष, स्वमग्नता (ऑटिझम) हे त्यात येतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढायला लाजू नका. कार्डानं लेकरावर शिक्का बसत नाही, सवलती मिळतात. नागपूरला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं सीआरसी केंद्रही आहे, तिथं विचारपूस करता येते.

दवाखान्यात जाताना

ती वही न्या. घरी काढलेले मिनिटा-दोन मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ न्या: एक खेळताना, एक काही मागताना, एक आजीसोबत. दवाखान्यात लेकरू घाबरून पदरात तोंड घालतं आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही. मुरमुऱ्याची बरणी न्या. दिवसभर जो सांभाळतो त्यालाच न्या. बापाला खूप वेळा काही सांगताच येत नाही.

आणि बेरा तपासणी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ती लेकरू झोपेत असताना होते. म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा. एसटीत बसल्याबरोबर त्याचे डोळे मिटायला लागतील. तिथं झोपू देऊ नका. खिडकीतून बैल दाखवा, गुदगुल्या करा, काहीही करा. रस्त्यात झोप झालेलं लेकरू यंत्रापुढे टक्क जागं बसतं, आणि मग पुन्हा तारीख घेऊन तीच एसटी धरावी लागते.